टर्बो, टाकी आणि काटई नाका



अंबरनाथमधल्या या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून गाडीच्या ॲव्हरेजवर कोणी बोललं असेल असं मला वाटत नाही. विषय जरा हलका वाटेल. पण बाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांच्या मालकांना बोलतं केलं तर संध्याकाळ पुरणार नाही. टर्बोची गाडी घेतलेला माणूस पहिला महिना पिकअपचं कौतुक करतो आणि दुसऱ्या महिन्यापासून ॲव्हरेजचं रडगाणं सुरू करतो. कागदावर सतरा-अठरा, रस्त्यावर अकरा-बारा. मग तो शोरूमला शिव्या देतो, पंपवाल्यावर संशय घेतो, इंजेक्टर साफ करून घेतो.

मला वाटतं, कागद बरोबर असतो आणि त्याचा अनुभवही खरा असतो. टर्बोच्या गाडीत एका बॉनेटखाली दोन इंजिनं असतात, एक छोटं आणि एक मोठं. यातलं कोणतं इंजिन टाकी पिणार हे उजवा पाय ठरवतो. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या काटई नाक्याच्या कोंडीत पोचल्यावर मात्र ते पायाच्याही हातात राहत नाही. आजचं सगळं बोलणं या दोन गोष्टींवर आहे.

टर्बो म्हणजे काय, हे समजून घ्यायला शोरूमपेक्षा कल्याणचं डिझेल लोको शेड बरं. अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिनं १९६२ साली अमेरिकेहून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती आणि वर टर्बोचार्जर. आपल्याकडच्या जुन्या लोकांना ते दृश्य आठवत असेल. मालगाडी उभी आहे, ड्रायव्हर नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवतो, आणि छतावरून काळ्याकुट्ट धुराचा लोट उठतो. इंजिन घरघरतं, मग त्या घरघरीवर एक बारीक शीळ चढत जाते, आणि शीळ जशी वर चढते तसा धूर विरळ होत जातो. तोवर डबे हलू लागलेले असतात.

त्या काही सेकंदांत काय झालं? नॉच वाढवताच डिझेल वाढलं, पण ते जाळायला लागणारी हवा वाढली नाही. हवा कोंबणारा पंखा टर्बोच्या दांड्यावर असतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला टर्बाइन, आणि ते इंजिनच्या धुराने फिरतं. धूर वाढल्याशिवाय पंखा जोर धरत नाही आणि पंख्याने जोर धरल्याशिवाय ताकद वाढत नाही. मधल्या काळात हवेविना अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. तुमच्या गाडीत पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग पाठीत धक्का बसतो, तो याच खेळाचा धाकटा भाऊ. त्याला लॅग म्हणतात.

ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीची. विंटरथूरचा हा इंजिनिअर. १९०५ साली त्याने पेटंट घेतलं आणि ते व्यवहारात आणायला त्याला वीस वर्षं लागली. १९२५ च्या सुमारास त्याने दहा सिलिंडरच्या एका डिझेल इंजिनाची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर नेली, तेव्हा कुठे जहाजवाल्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. तुमच्यातले जे बॉयलरवर काम करतात त्यांना त्यात नवल वाटणार नाही. चिमणीतून फुकट जाणारी उष्णता अडवून तिच्यावर फीडवॉटर तापवणारा इकॉनॉमायझर इथल्या कितीतरी कारखान्यांत आहे, आणि ब्यूखीने इंजिनाच्या धुराड्यावर तेच केलं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग धुरातून निघून जातो. त्यातलाच थोडा हिस्सा टर्बो परत कामाला लावतो.

मात्र इथे एक गैरसमज होतो. फुकटच्या धुरावर चालतो म्हणजे टर्बो इंधन वाचवतो, असं लोक धरून चालतात. पेट्रोल गाडीत टर्बो स्वतः फारसं वाचवत नाही. त्याच्यामुळे इंजिन छोटं करता येतं आणि खरी बचत त्या छोटेपणात असते. दीड-दोन लिटरचं मोठं पेट्रोल इंजिन सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना जवळजवळ बेकार असतं. त्याचा थ्रॉटल जेमतेम उघडा असतो आणि पिस्टन त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यात दम घालवत असतो. एक लिटरच्या इंजिनाला तेच काम करायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, त्यामुळे ही फुकटची ओढाताण कमी होते. शिवाय घासणारे भाग कमी, वजन कमी. म्हणून कंपन्या चार सिलिंडरांवरून तीनवर आल्या. चढ आला, ओव्हरटेक करायचं झालं, की टर्बो हवा कोंबतो आणि तेवढ्या वेळापुरतं मोठं इंजिन हजर होतं.

आता पिणाऱ्या इंजिनाकडे वळू. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, वजनाने. हा हिशेब टर्बोला चुकवता येत नाही. टर्बोने बाहेरच्या दाबाच्या दुप्पट दाबाने हवा भरली तर पेट्रोलही दुपटीच्या आसपास जाणार. तुमचं एक लिटरचं इंजिन त्या क्षणी दोन लिटरचं झालेलं असतं आणि दोन लिटरसारखंच पितं. त्याहून वाईट पुढे आहे. पाय फळीला टेकवून बराच वेळ गाडी ताणली की धुराचं तापमान हजार अंश सेल्सिअसकडे जाऊ लागतं. टर्बाइनची पाती आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू नयेत म्हणून अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. ते पेट्रोल ताकदीसाठी नसतं. ते आत थंडावा देण्यासाठी असतं आणि धुराबरोबर तसंच निघून जातं.

याला इतिहासातला एक गमतीदार दाखला आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोच्या पहिल्या काही गाड्यांपैकी एक गाडी बाजारात आली. तिचं इंजिन नॉक करू नये, म्हणजे आतलं मिश्रण आपोआप पेटून ठोके बसू नयेत, म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारावं लागे. ती टाकी भरायला लोक विसरत. आज कोंबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आहे, नॉक सेन्सर आहे, सिलिंडरमध्ये थेट फवारणारा इंजेक्टर आहे, त्यामुळे ती वेगळी टाकी गेली. पण उष्णतेला आवर घालायची गरज गेलेली नाही, आणि त्याची किंमत अजून थोडीफार पेट्रोलमध्येच मोजली जाते.

हे सगळं परदेशी प्रकरण आहे असं कोणी समजू नये. रांजणगावच्या एमआयडीसीत फियाट आणि टाटा यांच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट टर्बो डिझेल बनत असे. इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला देशाचं इंजिन म्हणू लागले. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि ते बंद झालं. ज्यांनी ते चालवलंय त्यांना ठाऊक आहे, दोन हजार आरपीएमच्या खाली ते झोपलेलं आणि वर गेलं की सुसाट. त्याच रांजणगावातून २०१० मध्ये लिनिया टी-जेट आली, पेट्रोल टर्बो, १.४ लिटर. तेव्हा पेट्रोल गाडीला टर्बो कशाला, असा प्रश्न लोक विचारत. आता टाटांची नेक्सॉन १.२ टर्बो पेट्रोल रांजणगावची, स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन एक लिटर टर्बो पेट्रोल चाकणच्या. आपल्या शेजारी कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ तयार होत होती. तिच्यात टर्बो नव्हता. आज टर्बोवाल्या गाड्या तिथूनच रांगेने सरकत जातात.

चाकणच्या त्या एक लिटर इंजिनाचा एक आकडा लक्षात ठेवा: ११५ अश्वशक्ती, आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क, तोही १७५० आरपीएमपासून. नेक्सॉनच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्कही १७५० च्या आसपासच हाती येतो. याचा अर्थ, इंजिन ओरडवायची गरज नाही. साधारण १८०० ते २२०० च्या पट्ट्यात मध्यम पाय देऊन वेग घ्यायचा आणि पुढचा गिअर टाकायचा. साध्या इंजिनावर शिकलेल्या हाताला तीन-साडेतीन हजारांपर्यंत रेस दिल्याशिवाय गिअर बदलवत नाही. तिथे टर्बोचं मोठं इंजिन जागं झालेलं असतं आणि ॲव्हरेजचं मीटर आठवर आलेलं असतं.

याच्या उलट टोकाला एक जास्त धोकादायक सवय आहे. काही जण ॲव्हरेजच्या नादात पाचव्या गिअरमध्ये पस्तीसच्या वेगाने गाडी चालवतात आणि चढ आला की गिअर न उतरवता पाय आणखी दाबतात. साध्या इंजिनात गाडी धडधडते, कुरकुरते, एवढंच. थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनात मात्र कमी आरपीएम आणि पूर्ण लोड एकत्र आले, की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. तेलाचे सूक्ष्म थेंब, पिस्टनवरची काजळी, त्यातून ही अवेळी आग लागते. तिचा दाब पिस्टनच्या रिंगा किंवा रिंगांमधला भाग फोडण्याइतका असू शकतो. ही अडचण एवढी खरी होती की अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने तेलासाठी २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी असे नवे दर्जे आणले, त्यांचा एक हेतू हीच आग रोखणं हा होता. म्हणून तेलाच्या डब्यावर एसपी आहे का ते बघा, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेला दाटपणा सोडून "आमच्याकडे उन्हाळा कडक" म्हणून जाड तेल घालू नका. टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकतो. तुमच्या सीएनसीचा स्पिंडल पाच-सहा हजारांत असतो. तो दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो, त्याला बाकी आधार नाही. पाच रुपये वाचवून टर्बो बदलायची वेळ आली तर त्या खर्चात कित्येक टाक्या फुल होतील. ऑइल चेंजची तारीख पुढे ढकलणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

कागदावरच्या आकड्याबद्दल थोडं. पुण्याला कोथरूडकडे वेताळ टेकडी आहे. बरेच पुणेकर तिला एआरएआयची टेकडी म्हणतात, कारण ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था तिथे आहे. गाडीच्या ॲव्हरेजचा प्रमाणित आकडा अशाच संस्थांतल्या चाचणीतून येतो. गाडी रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरलेल्या तालावर वेग वाढवायचा-कमी करायचा, एकूण ११८० सेकंद, अंतर साधारण साडेदहा किलोमीटर. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. शहरी भागात शून्यावरून पन्नासपर्यंत जायला पंचवीसेक सेकंद मिळतात. एसी बंद. या तालाचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्राइव्हिंग सायकल, आणि त्याची आद्याक्षरं, हसू नका, एमआयडीसी. त्या एमआयडीसीत खड्डा नाही, टँकर नाही, रिक्षा आडवी येत नाही.

त्या तालावर चालणारी टर्बो गाडी जवळजवळ सगळा वेळ छोट्या इंजिनावर चालते. पंचवीस सेकंदांत पन्नास गाठायचे तर टर्बोला उठायचं कारणच नाही. म्हणून साध्या इंजिनाच्या गाडीपेक्षा टर्बो गाडीत कागद आणि रस्ता यांमधली दरी जास्त असते. कंपनीने फसवलं असं मला वाटत नाही. ज्याच्या पायाखाली एवढी ताकद आहे तो सिग्नल सुटल्यावर पन्नास गाठायला पंचवीस सेकंद घेईल, ही अपेक्षा मात्र जरा भाबडी आहे.

आता ब्रेकचा हिशेब. हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि याविषयी कोणी बोलत नाही. माणसांसकट १३०० किलोची गाडी ताशी ६० च्या वेगाने चालली आहे. तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे १८० किलोज्यूल. इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्के धरली तर ती ऊर्जा तयार करायला सुमारे वीस मिलिलिटर पेट्रोल जळलं. चार चहाचे चमचे. तुम्ही ब्रेक दाबून गाडी उभी केलीत की ते चार चमचे ब्रेकच्या डिस्कवर तापून हवेत गेले. असे पन्नास ब्रेक म्हणजे एक लिटर. फॉरेस्ट नाक्यावरून निघून नेवाळी, खोणी करत काटईपर्यंत जाऊन परत येताना ब्रेक किती वेळा लागतो ते तुम्हीच मोजा. वेग साठऐवजी चाळीस असेल तर तोच ब्रेक आठ-नऊ मिलिलिटरला पडतो, म्हणजे निम्म्याहून कमी, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

टर्बो गाडीत हा तोटा दुहेरी असतो. ब्रेकमध्ये गेलेलं परत मिळवायला तुम्ही पाय दाबता, टर्बो जागा होतो, मोठं इंजिन पितं, वेग साठवर जातो, आणि दोनशे मीटरवर पुढचा स्पीडब्रेकर हजर. तीन गिअर, एक टर्बो, एक ब्रेक, आणि पोचलात मागच्या रिक्षाच्या आधी चार सेकंद. इथे ॲव्हरेज वाढवणारा सगळ्यांत मोठा भाग विंडस्क्रीन आहे. पुढच्या गाडीच्या ब्रेकलाइटऐवजी तिच्याही पुढची तिसरी-चौथी गाडी बघत चाललं, तर पाय आधीच उचलला जातो. पाय उचलून गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजेक्टर पूर्ण बंद होतात. चाकं इंजिनाला फिरवतात आणि पेट्रोल शून्य. न्यूट्रल मारून घसरत नेणारे स्वतःला हुशार समजतात, पण न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतंच.

घाटात हे जास्त स्पष्ट दिसतं. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडला निघालात आणि पुढे माळशेज चढलात, असं धरा. माणसं-सामानासकट दीड हजार किलोची गाडी सहाशे मीटर वर न्यायची तर नुसत्या उंचीसाठी पाऊण ते एक लिटर पेट्रोल लागतं. ते कोणालाही चुकत नाही, कितीही हळू चालवा. उलट घाट हे टर्बोचं खरं काम आहे, तिथे तो वापरायला कचरू नका. गिअर एक उतरवा, दोन-अडीच हजारांवर गाडी शांतपणे ओढू द्या. वर पोचल्यावर चहासाठी थांबताना गाडी ताणून आणल्या आणल्या चावी बंद करू नका, अर्धा-एक मिनिट इंजिन चालू राहू द्या, म्हणजे टर्बोतलं तेल जळत नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोला पाणी फिरवणारा पंप असतो, तरीही. येताना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. तो वर चढवलेला लिटर असा थोडाफार परत मिळतो, आणि ब्रेक तापून जाण्याची भीतीही राहत नाही. घाटात न्यूट्रल मारणाऱ्याला ॲव्हरेजचा सल्ला देण्यात अर्थ नाही.

वेगाबद्दल फार लांबवत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरची मर्यादा आहे म्हणून शंभर गाठलेच पाहिजेत, असा काही नियम नाही. ऐंशी-पंच्याऐंशीला क्रूझवर ठेवली तर टर्बो पेट्रोल गाडी कागदाच्या आकड्याजवळ जाते, कधीकधी पुढेही जाते, आणि मालकाला वाटतं मेकॅनिकने जादू केली.

आता देखभालीच्या छोट्या गोष्टी. टायरची हवा थंड टायरला बघायची, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरायची. तेहतीसच्या जागी पंचवीस असेल तर टाकी नक्की लवकर संपते. छतावर रिकामा कॅरिअर ठेवून फिरू नका. एअर फिल्टरची मात्र एक मजा आहे. फिल्टर घाण झाला की ॲव्हरेज पडतं, असं सगळे सांगतात. कार्ब्युरेटरच्या काळात ते खरं होतं. आजच्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटर हवा मोजूनच पेट्रोल देतो, त्यामुळे ॲव्हरेज फारसं पडत नाही, पिकअप पडतो आणि टर्बोला जास्त ओढावं लागतं. टर्बो आणि इंटरकूलरच्या मधल्या रबरी पाइपला चीर गेली तर मात्र घात होतो. कॉम्प्रेसरच्या लाइनची गळती साबणाचं पाणी लावून शोधणाऱ्या माणसांना मी हे काय समजावणार. पाय दाबल्यावर फुस्स असा आवाज येऊ लागला आणि गाडी ओढेना, की आधी तो पाइप बघा, इंजेक्टर नंतर. पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, यांच्यावर पैसे घालवायचे असतील तर तेवढ्याचं पेट्रोल भरलेलं बरं.

पेट्रोलचाच विषय निघाला आहे तर इथेनॉल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांतून निघालेलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, हे रसायनशास्त्र आहे, त्यात राजकारण आणायचं कारण नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की जुन्या बनावटीच्या चारचाकीत यामुळे ६ ते ७ टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के घट होऊ शकते. इथेनॉलला एक गुण मात्र आहे: ते सहजासहजी नॉक करत नाही. ई-२० साठी जुळवलेलं टर्बो इंजिन त्याचा फायदा घेऊन ठिणगी आधी पाडू शकतं, म्हणून तिथे घट कमी दिसते. तुमची गाडी कोणत्या गटात बसते ते मॅन्युअलमध्ये आणि पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेलं असतं.

आता पायाच्या हाताबाहेरच्या गोष्टी. काटई नाक्यावर किंवा शीळ फाट्यावर एसी चालू ठेवून इंजिन तासभर उभं राहिलं तर एक लिटरच्या आसपास पेट्रोल जातं आणि किलोमीटर शून्य. त्या शून्यावर कोणतीही ड्रायव्हिंगची कला चालत नाही. रांग पुढे सरकली की टर्बो गाडीचा माणूस जोरात पुढे जाऊन जोरात थांबतो, तेवढं तरी टाळता येईल. पहिल्या गिअरमध्ये क्लचवर रांगत राहा, मध्ये जागा पडली तर पडू दे. कोणीतरी शिरेल. शिरू दे.

दुसरी गोष्ट अंतराची. अंबरनाथ स्टेशनच्या आसपास राहणारा माणूस आनंदनगर एमआयडीसीत कामाला जातो, चार-पाच किलोमीटर. इंजिन पुरतं तापायला जवळजवळ तेवढंच अंतर लागतं. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यावं लागतं, तेल घट्ट असतं. गाडी रंगात येते तेव्हा गेटवर वॉचमन कार्ड बघत असतो. त्या माणसाला ॲव्हरेज नऊ-दहा मिळालं तर त्यात गाडीचा दोष नाही. तोच रविवारी नाशिकला जाऊन येतो तेव्हा सतरा मिळतं आणि तो म्हणतो, गाडीचा काही भरवसा नाही. बीएस-६ डिझेलवाल्याचं तर याहून कठीण. त्याच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की गाडी जास्त डिझेल जाळून धूर तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने गाडी पळावी लागते. रोज पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीत हे काम अर्धवट सुटतं, परत सुरू होतं, परत सुटतं, डिझेल जात राहतं आणि एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

मोजायचं कसं, हेही सांगतो, कारण निम्म्या तक्रारी चुकीच्या मोजमापातून येतात. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा गोड असतो. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला, पहिल्या ऑटो कटला थांबून टाकी फुल करा. वर ठेचून भरू नका, पेट्रोलची वाफ पकडणारा डबा खराब होतो. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी परत पहिल्या कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका. चार-सहा टाक्यांची सरासरी काढा आणि शेजारी लिहून ठेवा की त्या टाकीत काटईच्या फेऱ्या किती आणि घाट किती. पन्नास लिटरच्या टाकीत लिटरमागे दोन किलोमीटर वाढले म्हणजे टाकीमागे शंभर किलोमीटर, इथून लोणावळ्यापर्यंत जाता येईल इतके.

मला हमखास विचारतात, मग टर्बो घ्यायची की नाही. रोजचा रस्ता घर ते आनंदनगर किंवा मोरिवली एवढाच असेल तर साधं इंजिन किंवा सीएनजी घ्या. टर्बोचे पैसे तुम्ही भराल आणि तो वर्षभर झोपून राहील. आठवड्यातून दोन-तीनदा चाकण, नाशिक, पुण्याला जाणं असेल, घाट असेल, गाडीत चार माणसं असतील, तर टर्बो पेट्रोल तुमच्यासाठीच आहे. डिझेल टर्बो फक्त वर्षाला बक्कळ किलोमीटर पळवणाऱ्याने घ्यावी. आणि टेस्ट ड्राइव्हला गेलात तर मोकळ्या रस्त्यावर शंभरला नेऊन परत येऊ नका. शोरूमच्या माणसाला सांगा, संध्याकाळी साडेसहाला गाडी नेवाळीवरून काटईला न्यायची आहे. तो नाही म्हणाला तर दुसरी शोरूम बघा.